भर दुपारचं शहर आणि लांब रजेचा हक्क

खासगी नोकरी करणाऱ्या माणसाला आपल्याकडे सलग काही महिने घरी राहता येतं ते तीनच प्रसंगी: बाळंतपण, मोठं आजारपण किंवा नोकरी सुटणं. म्हणून धडधाकट माणूस कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता दळणाचा डबा घेऊन दिसला की सोसायटीतले प्रश्न ठरलेले असतात. "तब्येत बरी आहे ना?" "कंपनीत काही झालं का?" गेल्या पावसाळ्यात मी काही महिन्यांची बिनपगारी रजा घेतली तेव्हा हे प्रश्न मलाही आले. विचारणारे काळजीपोटीच विचारत होते. नोकरी शाबूत आणि हातपाय धड असताना कुणी ठरवून घरी थांबेल, हे आपल्या हिशेबातच बसत नाही. ते बसावं, कायद्यात बसावं आणि प्रत्येक पगारदाराच्या नि रोजंदारीवाल्याच्या वाट्याला यावं, हे माझं मत त्या रजेत पक्कं झालं.

कायदा सध्या काय देतो ते आधी पाहू. 1948च्या कारखाना अधिनियमाने वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 240 ची अट 180 वर आली. हे चांगलंच झालं. पण विसाला एक हे माप तसंच राहिलं. दुकानं आणि आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या 2017च्या कायद्यातही तेच माप आहे, शिवाय आठ दिवस नैमित्तिक रजा. साठवता येते ती जास्तीत जास्त 45 दिवस. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं एकही रजा न घेता ढोरमेहनत केली, तरी हाती येतो तो दीड महिना. सरकारी नोकरीत 300 दिवसांची अर्जित रजा खात्यावर जमते, पण बहुतेकांच्या मनात ती निवृत्तीच्या दिवशी तिचे पैसे घेण्यासाठीच असते. मुलीचं लग्न, घराचं उरलेलं कर्ज, यांच्या हिशेबात ती रक्कम कितीतरी आधी धरलेली असते. रजा म्हणून दिलेली गोष्ट रजा म्हणून कधी वापरलीच जात नाही.

एका वर्गाला मात्र लांब रजेचं महत्त्व आपण मान्य केलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार सात वर्षं सेवा झालेल्या सहयोगी प्राध्यापकांना आणि प्राध्यापकांना अभ्यासासाठी एका वेळी वर्षभरापर्यंत सबॅटिकल मिळू शकते, सबंध सेवेत दोन वर्षांपर्यंत. योग्यच आहे. डोक्याने काम करणाऱ्याला अधूनमधून रोजच्या रहाटगाडग्यातून बाहेर यावं लागतं. पण लेथवर उभं राहणाऱ्याला, बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्याला ते कधीच लागत नाही, असं कोणत्या आधारावर ठरलं? त्यांच्यातल्या ठरावीक मर्यादेच्या आत पगार असणाऱ्यांसाठी राज्य कामगार विम्यात वर्षाला 91 दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ आहे, पगाराच्या 70 टक्के. लाभ मोलाचा आहे, प्रश्नच नाही. पण वेळ मिळण्यासाठी शरीर आधी मोडावं लागतं.

मला रजा मिळाली ती कोणत्याही नियमाने नाही. साहेब समजूतदार होते, त्या तिमाहीत कामाचा जोर कमी होता, माझं टेबल सांभाळायला एक सहकारी तयार झाला आणि घराचे हप्ते चुकणार नाहीत एवढी शिल्लक आमच्याकडे होती. यातली एक जरी गोष्ट नसती तर अर्ज तिथेच बारगळला असता. आमच्याच शॉपफ्लोअरवर ठेकेदाराकडून आलेला एक मुलगा होता. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्याने महिनाभर सुट्टी मागितली. "गेट पास जमा कर आणि जा, आलास की बघू," असं ठेकेदाराच्या माणसाने त्याला सांगितलं. तो परत आला तेव्हा त्याच्या मशीनवर दुसरा उभा होता. माझ्या गरजेपेक्षा त्याची गरज कितीतरी मोठी होती. माझ्या रजेचं कौतुक झालं आणि त्याचं काम गेलं. रजा मेहेरबानी म्हणून मिळते तिथे हे असंच होत राहणार.

आता रजेत काय पाहिलं ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथून उभं राहिलं आहे.

मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो आणि राहतो पुण्याच्या दक्षिणेला, धायरीला. कंपनीची बस उजाडता उजाडता निघते आणि दिवेलागणीनंतर परत सोडते. आमची इमारत चार मजली, लिफ्ट नसलेली. आई आमच्याकडे राहायला आल्याला बरीच वर्षं झाली. मी तिला रोज बघतो, पण सकाळी चहा घेताना आणि रात्री जेवताना, म्हणजे कायम बसलेली. रजेत एका दुपारी ती खाली निघाली आणि मी तिच्या मागून उतरत होतो. उजवा हात कठड्यावर, अंग तिरकं वळवलेलं, आधी डावा पाय खाली, मग त्याच पायरीवर उजवा. दर पायरीला थांबा. वळणावर कठडा संपतो तिथे तिने भिंतीला तळवा टेकवला. त्या जागी हाताच्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटलेला होता आणि त्याखालचा रंग घासून गेला होता. तो पट्टा एकट्या आईचा नव्हता. आमच्या विंगमध्ये सत्तरी ओलांडलेल्या आणखी काही जणी आहेत. सगळ्या तीच भिंत धरून उतरत होत्या. सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी पार्किंग आणि गेटवरचे कॅमेरे यांवर तासन् तास चर्चा होते. जिन्याचा विषय कधी निघालेला मला आठवत नाही. सभेला येणारे आम्ही सगळे तो जिना घाईघाईत उतरणारे.

आईचं भजनी मंडळ पलीकडच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर भरतं. ती तिथे जायची का थांबली, ते मला त्या जिन्यावर कळलं. पुढे आम्ही वळणावर आणि भिंतीच्या बाजूला लोखंडी पाइपाचा कठडा बसवून घेतला. वेल्डर हाकेच्या अंतरावर होता, वर्गणी किरकोळ निघाली. हे काम इतकी वर्षं पैशावाचून अडलेलं नव्हतं. दुपारी त्या जिन्यात उभं राहून बघायला कमावत्या वयाचं कुणी नव्हतं.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी आपल्याकडे 2007 पासून कायदा आहे. मुलं बघत नसतील तर आईवडील न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात आणि मुलांकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मिळवू शकतात. कायदा हवाच आहे. पण तो मुलाकडून पैसे मागतो. वेळ मागत नाही, कारण वेळ मुलाच्या हातात नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेक नोकरदारांना आईवडिलांची औषधं, रिपोर्ट, विम्याचे कागद सगळं तोंडपाठ असतं. पण ते दुपारी कुठे बसतात, कुणाशी बोलतात, कोणत्या खिडकीपाशी उजेड धरून गोळ्यांची पाकिटं वाचतात, हे बघायची संधीच मिळत नाही. माणसाची काळजी घ्यायची तर आधी तो दिसायला लागतो.

दुसरी गोष्ट स्वस्त धान्य दुकानातली. आमच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या मावशी आता थकल्यात. त्यांचा मुलगा रंगकाम करतो. मावशींच्या नावावर रेशन यायचं, पण त्यांचा अंगठा लागेना आणि मुलाला दुकानात यायचं तर त्याचा रोजगार बुडत होता. मी मोकळा होतो, मी गेलो. दुकान उघडायच्या आधीपासून ओटीवर बायका बसलेल्या, पिशव्या ओळीत लावलेल्या. मावशींनी मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवला. लाल. दुकानदाराने तर्जनी ठेवायला सांगितली, मग मधलं बोट. जन्मभर भांडी घासलेल्या त्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्राला त्या दिसेचनात. मागच्या बाईने आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्या बोटांवर टाकलं आणि म्हणाली, "ओलं करून दाबा, माझं असंच लागतं." तशाने लागलं एकदाचं. दुकानदार रागीट माणूस नव्हता. "दादा, सर्व्हर आणि बोटं दोन्ही साथ देत नाहीत, मी तरी काय करू?" एवढंच तो म्हणाला. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून ते मोफत आहे. ही योजना मी अर्थसंकल्पाच्या बातम्यांत आकड्यांच्या रूपात वाचत होतो आणि कुठल्याही मध्यमवर्गीय गप्पांत तिच्यावर फटाफट मतं देणारी माणसं मला माहीत आहेत. त्यातल्या कुणी कामाच्या दिवशी त्या ओटीवर अर्धा तास काढला, तर बोलण्याचा सूर वेगळा लागेल.

मला इथे जो मुद्दा मांडायचा आहे तो विश्रांतीच्या पुढचा आहे. आपलं सार्वजनिक जीवन चालतं सकाळी दहा-अकरा ते संध्याकाळी पाच-सहा. महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय, तलाठी, रेशन दुकान, सरकारी दवाखाना, शाळेतली पालकसभा, पोस्ट, सगळ्यांची वेळ हीच. आणि याच वेळेत कमावत्या वयाची बहुतेक माणसं कुठल्या ना कुठल्या गेटच्या आत असतात. पुणे महापालिका 2006-07 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. फुटपाथ, दिवे, बसथांबे, बाकं अशी वस्तीपातळीवरची कामं त्यात सुचवता येतात. पण कोणत्या गल्लीतला दिवा दुपारी जळत राहतो, कोणत्या फुटपाथवरून व्हीलचेअर जात नाही, कोणत्या थांब्यावर म्हातारी माणसं उन्हात उभी राहतात, हे ज्याने पाहिलं तोच सुचवणार. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या सदस्य महिला असाव्यात असं सांगितलं. उत्तम तरतूद. फक्त बैठकीला जायचं तर आईला कामावर खाडा करावा लागतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हक्क कागदावर आहेत आणि ते बजावायला लागणारा दिवस मालकाच्या हजेरीपत्रकात आहे.

पीएमपीच्या बसमधून सकाळी अकराच्या सुमारास एकदा स्वारगेटपर्यंत जाऊन बघावं. ज्येष्ठांचे पास, कडेवर मूल घेतलेल्या आया, दवाखान्याच्या फायली सांभाळत बसलेली माणसं. शहर चालवणाऱ्यांची आणि शहरात दिवसभर राहणाऱ्यांची गाठच पडत नाही.

आता घराकडे येतो. बायको शाळेत शिकवते. आमच्या घरचे सगळे दोर तिच्या मोबाइलला बांधलेले आहेत, हे रजेत मला नीट दिसलं. मुलीच्या व्हॅनवाले काका, गॅसवाला, पॅथॉलॉजी लॅब, सोसायटीचा मॅनेजर, इस्त्रीवाला, सगळ्यांकडे नंबर तिचा. आम्ही ठरवून एकेकाकडे तो बदलून माझा दिला. त्यानंतर फोन यायला लागले ते अशा वेळी, जेव्हा ती वर्गात असते आणि मी एरवी मीटिंगमध्ये असतो. व्हॅन बंद पडली. टँकर आला, टाकीचा व्हॉल्व्ह कोण उघडणार? आईच्या साखरेचा रिपोर्ट तयार आहे, पण उपाशीपोटीचा नमुना पुन्हा द्यावा लागेल. यातलं एकही काम अवघड नाही. थकवतं ते सतत अर्धं लक्ष तिकडे ठेवणं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019च्या वेळवापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात असं आलं, तर असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. आणि मुळात ते काम करणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांत 81 टक्के, पुरुषांत 26. पाच तास म्हणजे जवळजवळ दुसरी पाळी. आणि हे अर्धं लक्ष त्या मिनिटांत कुठेही मोजलेलं नाही.

म्हणून लांब रजेचा नियम करताना एका गोष्टीवर माझा फार भर आहे. कारण विचारू नये. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सबंध सेवेत 730 दिवस बालसंगोपन रजा मिळते. पुरुषाला मिळते ती तो एकल पालक असेल तर. या रजेने असंख्य बायकांची नोकरी वाचवली असेल, तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण जोडीने संसार करणाऱ्या बापाला तो नियम सांगतो की हे तुझं काम नाही. रजा फक्त संगोपनासाठी किंवा फक्त शुश्रूषेसाठी ठेवली की घराघरांत ती कुणी घ्यायची हे आधीच ठरून जातं. मग नोकरीवर ठेवताना मालकही बाईकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. तेव्हा रजा प्रत्येकाची स्वतःची हवी, नवऱ्याची बायकोला आणि बायकोची नवऱ्याला देता न येणारी. कुणी वडिलांपाशी बसेल, कुणी गावाकडची पडीक जमीन नांगरेल, कुणी अर्धवट राहिलेली पदवी पुरी करेल, कुणी पंढरीची वारी आळंदीपासून पायी करेल. काहीच करणार नाही, तेही चालेल.

लॉकडाउनमध्ये घरीच तर होतो की सगळे, असं कुणी म्हणतं तेव्हा मला त्या दिवसांतली जेवणाच्या टेबलावरची लॅपटॉपची रांग आठवते. घरात असणं आणि घराला वेळ असणं यांत फार अंतर आहे.

निवृत्तीनंतर करा काय ते, हा सल्लाही ठरलेला. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत निवृत्ती 58व्या वर्षी. तोवर आई नसते, मुलगी सासरी किंवा परदेशी असते आणि स्वतःचे गुडघे बोलायला लागलेले असतात. जी वर्षं घराला आणि गावाला माणसाची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तीच वर्षं सगळीच्या सगळी कंपनीला द्यायची, हा करार कुणी कधी समोर बसून केला होता?

देश घडवायचा तर तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं, असं इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती 2023 मध्ये म्हणाले. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दैनंदिन कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर आणि दुकानं-आस्थापनांतली 10 वर नेण्याला मंजुरी दिली. एकूण वारं कुठे वाहतंय ते स्पष्ट आहे. मूर्तींच्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे, पण देश फक्त गेटच्या आत घडतो हे मला मान्य नाही. ज्या माणसाला आपल्या वस्तीतली शाळा, रेशन दुकान, दवाखाना आतून माहीत आहे, तो मत देतानाही देश घडवतो आणि क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देतानाही.

हा विचार आपल्या मातीत नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे सत्यशोधक होते, 'दीनबंधु'चे संपादक होते. कामगाराला उसंत हवी ती शरीराच्या आरामासाठी आणि समाजाच्या कामासाठीही, असं ते मांडत. आज आपण सगळे, अगदी 70 तासांचे पुरस्कर्तेही, त्या रविवारवर जगतो. आठवड्यातून एक दिवस ही मागणी जितकी रास्त होती, तितकीच आयुष्यातून काही महिने ही मागणी रास्त आहे.

मालकांची अडचण खरी आहे, ती उडवून लावता येणार नाही. दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपमधून एक कसबी टर्नर सहा महिने गेला तर ऑर्डर अडते. पण एकाच माणसावाचून काम ठप्प होतं हे उद्योगाच्याही हिताचं नाही. रिझर्व्ह बँकेने हे ओळखलंय. बँकांतल्या संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावं आणि तेही आधी न कळवता, असा तिचा जुलै 2021चा आदेश आहे. हेतू गैरव्यवहार पकडण्याचा, पण त्यामुळे बँकांना दुसरा माणूस तयार ठेवावा लागतो. फ्रान्समध्ये ठरावीक वर्षं नोकरी झालेल्या माणसाला सहा ते अकरा महिने बिनपगारी रजा घेऊन त्याच कंपनीत परत येण्याची सोय कायद्यात आहे. फिनलंडची योजना मला जास्त भावते. तिथे 1996 पासून नोकरदाराला लांब रजेवर जाताना भत्ता मिळायचा, एक महत्त्वाची अट अशी की त्याच्या जागी मालकाने एखाद्या बेरोजगाराला घ्यायचं. ऑगस्ट 2024 पासून तिथल्या सरकारने ती बंद केली, खर्च कमी करायचा आणि माणसं कामावर जास्त ठेवायची म्हणून. फिनलंडचं गणित वेगळं असेल. आपल्याकडे आयटीआय झालेली मुलं सहा महिन्यांच्या अनुभवाच्या दाखल्यासाठी दारोदार फिरतात. त्यांच्यासाठी रजेवर गेलेल्या कामगाराची जागा हे पहिलं दार ठरू शकतं.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ज्या देशात बहुतेकांना साधी साप्ताहिक सुट्टी नाही, तिथे लांब रजेची भाषा कुणासाठी? घरकाम करणाऱ्या बायकांनी 1980 मध्ये पुण्यात संप केला. पुढे 2008 मध्ये राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. आजही खाडा झाला की पैसे कापणारी घरं आमच्याच रस्त्यावर आहेत. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. फक्त त्यातून रजेची मागणी सोडून द्यावी असं निघत नाही. ती तळापासून बांधावी असं निघतं, आणि त्याचा नमुना महाराष्ट्रानेच घालून दिलाय. 1969 च्या माथाडी कायद्याने ज्यांना एक मालकच नाही अशा हमालांसाठी मंडळं केली. जो माल उचलून घेईल त्याने मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरायची आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, पगारी सुट्टी मिळायची. मालक रोज बदलतो, रजा मात्र जमत राहते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या ग्रामीण रोजगार हमी योजनेसाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि आपण तो आजही भरतो, वर्षाला 2,500 रुपयांपर्यंत. गावातल्या मजुराच्या कामासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून पैसा उभा राहू शकतो, हे या राज्याने सत्तरच्या दशकात दाखवलंय. ठेकेदारावर आणि घरमालकावर अशीच छोटी लेव्ही बसवली, तर आमच्या शॉपफ्लोअरवरच्या त्या मुलाच्या आणि मावशींच्या सुनेच्या नावावरही रजेचे दिवस आणि त्या दिवसांचे पैसे साठतील.

कायदा व्हायला वेळ लागेल. पण पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज, अंबड अशा औद्योगिक पट्ट्यांतल्या कामगार संघटना दर काही वर्षांनी व्यवस्थापनाशी वेतन करार करतात. मागणीपत्रात पगारवाढ, कँटीन, बस, मेडिक्लेम असतं. पुढच्या मागणीपत्रात त्यांनी आणखी एक कलम घालावं: सलग सात वर्षं काम केलेल्या प्रत्येकाला, कारण न विचारता, सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा, त्या काळात मेडिक्लेम चालू, परत आल्यावर तोच ग्रेड आणि तीच सेवाज्येष्ठता, रिकाम्या जागी प्रशिक्षणार्थी, आणि ठेकेदाराकडून आलेल्या कामगारालाही परतल्यावर तोच गेट पास. कंपनीला यात पगारापोटी एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही. शेवटची ओळ व्यवस्थापन आधी खोडेल. संघटनेने अडून बसावं ते तिथे.